दोन छेद पाच

जपानातल्या कुरोहामा गावच्या शाळेत मूल पाचवीला इसोबेबाईंच्या वर्गात आलं की आईबाप निर्धास्त होत. इसोबे फुमिए याच गावात जन्मल्या, इथल्याच शाळेत शिकल्या, आणि शिक्षक होऊन इथेच परत आल्या. सत्तावीस वर्षं झाली होती. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांचं गणित पक्कं, असं सगळं गाव म्हणे. बाईंच्या गळ्यात सेकंद मोजायचं घड्याळ लोंबत असायचं. फळ्यावर वीस गणितं, वेळ चार मिनिटं, आणि "चला!" म्हटलं की वर्गात फक्त पेन्सिलींची कुरकुर. मुलं शिक्षकांना 'सेन्सेई' म्हणत, आणि पाठीमागे बाईंना 'टिकटिक सेन्सेई'. बाईंना ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

त्या वर्षी नोव्हेंबरात अपूर्णांकांची बेरीज सुरू झाली. बाईंची रीत ठरलेली होती. खालचे छेद सारखे करा, वरचे अंश मिळवा, संपलं. फळ्यावर एक छेद दोन अधिक एक छेद तीन लिहून त्यांनी विचारलं, "कोण सांगतंय?"

दोबाशी चिनात्सुचा हात वर गेला. ही मुलगी बंदरावर जाळी दुरुस्त करणाऱ्या दोबाशींची धाकटी. अंगापिंडाने बारीक, पण बास्केटबॉलच्या मैदानावर भलतीच चपळ. ती म्हणाली, "दोन छेद पाच."

दोघेतिघे फिसकन हसले.

"कसं काय?" बाईंनी विचारलं.

"काल मी दोनदा बॉल टाकला, एकदा आत गेला. म्हणजे एक छेद दोन. आज तीनदा टाकला, एकदा आत गेला. म्हणजे एक छेद तीन. दोन्ही मिळून पाचदा टाकला आणि दोनदा आत गेला. दोन छेद पाच."

बाईंनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडे उत्तर नाही. पोरीचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पाचदा टाकला होता, दोनदा आत गेला होता. तरी फळ्यावरच्या बेरजेचं उत्तर ते नव्हतं. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं? घड्याळ चालू होतं, अजून एकोणीस गणितं व्हायची होती.

"अपूर्णांकांत तसं मिळवायचं नसतं," त्या म्हणाल्या.

"पण का, सेन्सेई?"

"तसा नियम आहे. बस खाली."

"बरं," चिनात्सु म्हणाली आणि बसली.

त्यानंतर गणिताच्या तासाला तिचा हात वर गेला नाही. तसं बिघडलं काहीच नव्हतं. ती सगळी गणितं करी, उत्तरंही बरोबर येत. बाईंनी पहिले काही दिवस मनावर घेतलं नाही. मग एका दुपारी वह्या तपासताना चिनात्सुची वही उजेडाकडे धरली गेली आणि त्यांना दिसलं की प्रत्येक बरोबर उत्तराखाली आधी काहीतरी लिहून खोडलेलं आहे. पेन्सिलीचा दाब कागदावर तसाच राहिला होता. एक छेद चार अधिक दोन छेद तीन, खाली खोडलेलं तीन छेद सात, त्यावर नियमाने काढलेलं उत्तर. पुढच्या गणितातही तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. अख्खं पान तसं होतं. पोरीला जे पटत होतं ते ती आधी लिहीत होती, मग पुसून बाईंना हवं ते लिहून देत होती.

बाईंनी वही मिटली. समोरच्या टेबलावर नेझू नावाचा तरुण शिक्षक मुलांसाठी कागदाच्या लांब पट्ट्या कापत बसला होता. शाळेत येऊन त्याला दोनच वर्षं झाली होती. सत्तावीस वर्षं शिकवणाऱ्या बाईंनी दोन वर्षं झालेल्या माणसाला विचारायचं म्हणजे जिवावर आलं, पण त्यांनी विचारलं.

"नेझू सेन्सेई, जरा हे बघता का? या मुलीला काय सांगायचं?"

नेझूने बास्केटबॉलची हकिकत ऐकली आणि तो चक्क खूश झाला. "भारी आहे की पोरगी! बरोबरच बोलतेय."

"बरोबर कसं? उत्तर पाच छेद सहा आहे."

"ते आहेच." त्याने एक पट्टी टेबलावर आडवी ठेवली, एका टोकाला शून्य लिहिलं, दुसऱ्या टोकाला एक. मधोमध घडी घालून तिथे एक छेद दोन. "आता तुम्ही दोन छेद पाच कुठे येतं ते दाखवा."

बाईंनी मोजपट्टी घेतली, पट्टीचे पाच सारखे भाग केले आणि दुसऱ्या भागाच्या शेवटी खूण केली. खूण घडीच्या अलीकडे पडली.

"अर्ध्यावर उभ्या होतात," नेझू म्हणाला. "तिथून पुढे चाललात. आणि पोचलात कुठे?"

"मागे," बाई म्हणाल्या.

बाई त्या पट्टीकडे बघतच राहिल्या. इतकी साधी गोष्ट. ती त्यांनी सत्तावीस वर्षांत एकदाही फळ्यावर काढली नव्हती, कारण गरजच पडली नव्हती. नियम चालत होता, मुलं वेगाने करत होती. त्यांनी मनात हिशेब केला, वर्षाला पंचवीस धरली तरी सहाशेच्या वर मुलं. त्यातल्या किती जणांनी असंच लिहून खोडलं असेल?

"पण मग तिचे बॉल?" त्यांनी विचारलं. "ते चुकीचे का नाहीत?"

नेझूने डोकं खाजवलं. "ते मलाही धड सांगता येत नाही, सेन्सेई."

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सफाईची वेळ होती. मुलं ओळीने वाकून ओल्या फडक्यांनी फरशी पुसत होती. चिनात्सु खिडकीपाशी फडकं पिळत होती. बाई तिच्याशेजारी जाऊन उकिडव्या बसल्या.

"दोबाशी, त्या दिवशी मी तुला 'नियम आहे' म्हणून गप्प बसवलं. ते माझं चुकलं."

चिनात्सु घाबरली. मोठ्या माणसाने असं काही बोलल्यावर काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. ती हळूच म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे पण सांगत नाही."

"नाही गं. मला माहीतच नव्हतं. अजूनही पुरतं माहीत नाही."

मुलीने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "खरंच?"

"खरंच."

"मग आता?"

"आता शोधायचं. पण तू खोडायचं नाहीस. जे वाटतं ते लिहून ठेवायचं."

"खोडलेलं तुम्हाला दिसलं?" चिनात्सुचे कान लाल झाले. तिने फडकं पुन्हा पिळलं. त्यात पिळण्याजोगं पाणी उरलेलं नव्हतं.

फेब्रुवारीत आसपासच्या शाळांतले शिक्षक पाठ बघायला येत. पाठ कोणी द्यायचा यावर दरवर्षी सगळे एकमेकांकडे बघत बसायचे. त्या वर्षी इसोबेबाई म्हणाल्या, "मी देते." मुख्याध्यापक कारासावा चहा पिता पिता थांबले. "तुम्ही? इतक्या वर्षांत असं कधी म्हणाला नाहीत?"

"कधी गरज वाटली नाही. आता वाटते."

पाठाच्या दिवशी खिडक्यांच्या निम्म्यापर्यंत बर्फ साचला होता. वर्गाच्या मागे अठरा शिक्षक वह्या घेऊन उभे. त्यांच्यात मोगी नावाचे निवृत्त गुरुजी होते. या भागात गणिताच्या पाठावर शेवटचा शब्द त्यांचा असे. बाईंच्या गळ्यात त्या दिवशी घड्याळ नव्हतं. त्यांनी फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कागदाची पट्टी लावली होती, डावीकडे शून्य, उजवीकडे एक. मुलांपुढेही तशाच छोट्या पट्ट्या, कुणाची दोन भागांत आखलेली, कुणाची तीन, चार, सहा.

मुलांनी पट्ट्या एकाखाली एक ठेवल्या आणि आपापल्या खुणांची नावं मोठ्या पट्टीवर येऊन लिहिली. मधोमध एकाच जागी एक छेद दोन, दोन छेद चार, तीन छेद सहा अशी नावांची थप्पी झाली.

"एकाच घरावर तीन पाट्या!" तात्सुमा ओरडला. मागच्या बाकावरचा हा मुलगा एरवी गणिताच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसायचा.

"घर बदललं का?" बाईंनी विचारलं.

"घर तेच. पाटी बदलली."

मग बाईंनी पुढच्या बाकावर मुलांच्याच मापाची अर्ध्याची पट्टी शून्यापासून लावली आणि तिच्या टोकाला तिसऱ्या हिश्श्याची पट्टी जोडली. जिथे ती संपली तिथे दोन भागांच्या पट्टीवर काही खूण नव्हती, तीन भागांच्या पट्टीवरही नव्हती. मुलं पुढे सरकली. "इथे नावच नाही!" कुणीतरी सहा भागांची पट्टी खाली धरली आणि खूण नेमकी जुळली. पाच छेद सहा. वर्गात एकच कल्ला झाला.

इथून पुढे छेद सारखे करायची रीत काढायची, असं बाईंनी लिहून आणलेल्या आराखड्यात होतं. बाई थांबल्या. त्यांनी चिनात्सुकडे बघितलं.

"दोबाशी, तुझे बॉल सांगतेस?"

चिनात्सु उभी राहिली. अठरा अनोळखी माणसांपुढे तिने सांगितलं, सगळं, नोव्हेंबरात सांगितलं होतं तसं. बाईंनी दोन छेद पाच मोठ्या पट्टीवर लिहिलं, अर्ध्याच्या अलीकडे.

"अगं, पुढे चाललीस आणि मागे पोचलीस?" तात्सुमा म्हणाला. "उलटी चालतेस का?"

वर्ग हसला. चिनात्सु मात्र हलली नाही. "पण दोनदा गेलाच ना आत! पाचातून दोनदा. तूच होतास मोजायला."

"होतो," तात्सुमाला कबूल करावं लागलं.

सगळा वर्ग बाईंकडे बघायला लागला. बाईंच्या हातात खडू होता. उत्तर आता त्यांना माहीत होतं. हिवाळाभर त्यावर डोकं खपवून त्यांना ते सापडलं होतं, आणि ते सांगायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. मागे कुणीतरी खाकरलं. बाहेर छपरावरून बर्फाचा लोट धपकन खाली आला. बाईंनी खडू मुठीत घट्ट धरला आणि काही बोलल्या नाहीत.

चिनात्सु फळ्यापाशी गेली. तिने पट्टीच्या उजव्या टोकाला, एकवर बोट ठेवलं.

"काल," ती थांबत थांबत म्हणाली, "काल माझा एक म्हणजे दोन बॉल होते. सगळे मिळून दोन. आज माझा एक म्हणजे तीन बॉल. आणि मिळवल्यावर... एक म्हणजे पाच." ती वळली. "माझा एक दर वेळी बदलतोय, सेन्सेई! या पट्टीचा एक बदलत नाही. तो इथेच आहे."

घंटा झाली.

पाठानंतरच्या चर्चेत बाईंना बरंच ऐकावं लागलं. आराखड्यात अकरा टप्पे होते, झाले सहा. नियम फळ्यावर आलाच नाही. चुकीचं उत्तर ठळक अक्षरात फळ्यावर राहिलं, मुलं तेच घरी घेऊन जातील, असंही एकजण म्हणाला. बाई लिहून घेत होत्या.

शेवटी मोगी गुरुजी बोलले. "इसोबे सेन्सेई, तुम्ही चार मिनिटं गप्प उभ्या होतात. मी मोजली. विसरलात का पुढचं?"

"नाही. आठवत होतं, म्हणूनच फार अवघड गेलं."

गुरुजींनी वही मिटली. "मी चाळीस वर्षं शिकवलं," ते म्हणाले, "आणि त्या पोरीचा प्रश्न मला तीनदा तरी मुलांनी विचारला असेल. मी तिन्ही वेळा नियम सांगितला." एवढं बोलून त्यांनी चहाचा पेला उचलला. चर्चा तिथेच संपली.

त्या वर्षी बाईंच्या वर्गाचा वेग कमी भरला. चाचणीत नेहमीपेक्षा कमी मुलांची सगळी गणितं पुरी झाली, आणि एका आईने येऊन विचारलंही, "यंदा काय झालं?" पण एरवी अपूर्णांकांचा प्रश्न कोरा सोडणाऱ्या तिघांच्या कागदावर या खेपेला आडवी रेघ होती, शून्य आणि एक लिहिलेली, आणि त्यातल्या दोघांचं उत्तर बरोबर होतं. बाई त्या आईला एवढंच म्हणाल्या, "यंदा हळू चाललोय." निवृत्त होईपर्यंत, आणखी सहा वर्षं, त्या हळूच चालल्या. चिनात्सु पुढे शहरातल्या शाळेत गेली. तिथे ती गणितात फार चमकली वगैरे काही नाही, पण प्रश्न विचारून शिक्षकांना जेरीस आणते, असं तिची आई कौतुकाने सांगे.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या वसंतात बाई तोफू घ्यायला गेल्या होत्या. दुकानात मिझुए, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, आता बेचाळीस वर्षांची. गल्ल्यामागे तिचा मुलगा गृहपाठ करत होता.

"सेन्सेई, बरं झालं आलात! हा अपूर्णांक विचारतोय. मी म्हटलं, छेद सारखे कर, तुझ्या आईला टिकटिक सेन्सेईनी शिकवलंय—" आणि तिने जीभ चावली.

बाई हसल्या. "मग सांगितलंस का त्याला?"

"सांगितलं की. पण तो विचारतो का, आणि मला कुठे माहीत आहे!"

"मी तुला कधी सांगितलंच नाही," बाई म्हणाल्या. "मिझुए, शनिवारी दुपारी मोकळी असतेस?"

गावच्या सभागृहातली लहान खोली शनिवारी रिकामीच असे. पहिल्या दिवशी चौघं आली. मिझुए, टपाल कचेरीतला एक कारकून, केस कापणारी एक बाई, आणि एक मासेमार, जो म्हणाला की तो फक्त हीटरच्या उबेसाठी आलाय. सगळे बाईंचेच विद्यार्थी. सगळ्यांना नियम अजून पाठ होता. बाईंनी प्रत्येकापुढे कागदाची पट्टी ठेवली.

मासेमाराने जाड बोटांनी घडी घातली, उलगडली, परत घातली. "सेन्सेई, याला वेळ किती?"

"आज वेळ नाही लावायचा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं.