एक जानेवारीवर थांबलेलं मशीन

तलावाची एक फेरी साडेचार किलोमीटरची. पंपहाऊस आलं की निम्मी झाली असं आम्ही धरतो. त्या गुरुवारी सकाळी तिथवर पोचल्यावर मी सहज म्हणाले, की भावजी, तुम्ही ऑपरेशनला गेलात की तेवढ्या दिवसांत तुमच्या कॉम्प्युटरच्या मशीनमधल्या घड्याळाची बॅटरी बदलून घेते. बिचारं वर्षानुवर्षं एकाच तारखेवर बसून आहे.

भावजी जागच्या जागी थांबले. दम लागला की थांबायचं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं, म्हणून मी बाकाकडे हात केला. पण त्यांना दम लागलेला नव्हता.

"वहिनी, त्या मशीनला कुणी हात लावायचा नाही," ते म्हणाले.

माझ्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ते माझ्याशी असं कधी बोलले नव्हते.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही. आमच्याच घरात, जिन्याला लागून असलेल्या खोलीत राहतात. नोकरी वजनकाटे तपासायची. पितळी वजनांची पेटी घेऊन दुकानोदुकानी जायचं, काटा बरोबर असेल तर शिक्का मारायचा, नसेल तर नाही. ओळखीच्या दुकानदारालाही त्यांनी कधी सवलत दिली नाही, त्यामुळे बाजारात आम्हाला कुणी हसून साखर दिली नाही. त्यांचे कॉम्प्युटरवाले दोस्त त्यांना काटाकाका म्हणत.

हे दोस्त त्यांनी फार थोडे पाहिले. सगळी ओळख ई-मेलवरची. कुणाला कुठे एखादा छोटा प्रोग्राम सापडला, एखादा जुना खेळ मिळाला, फोटो बारीक करायची युक्ती कळली, की तो ती भावजींकडे पाठवायचा. भावजी तपासायचे आणि दर रविवारी सगळ्यांना एक यादी पाठवायचे. यादीत काय आहे, कशाला उपयोगी, फुकट आहे की नाही, काय खोड आहे, एवढंच. एकेकाळी ती यादी दीडशे जण वाचत. त्यांच्यातलं बोलणं मला कळायचं नाही, पण कुणी कुणाला मूर्ख म्हटलं की भावजी मोठ्याने हसायचे, तेवढं कळायचं.

तपासायची त्यांची रीत ठरलेली होती. मिळालेली वस्तू ते आपल्या जुन्या मशीनवर चाळीस दिवस वापरत, मगच ती यादीत घालत. आणि शेवटची परीक्षा मी. आपल्या खोलीतल्या स्टुलावर मला बसवायचे आणि काही न सांगता मागे उभे राहायचे. मराठी शाळेत शिकलेल्या, कॉम्प्युटरला भिणाऱ्या बाईला जर न विचारता जमलं, तर त्या वस्तूपुढे ते लिहायचे, "घरात चालला." विटा रचायच्या एका खेळात मी इतकी पुढे गेले की दूध उतू गेलं. त्या खेळापुढे त्यांनी लिहिलं, "घरात जरा जास्तच चालला." कुठल्या कुठल्या गावच्या माणसांनी त्यावर दोन आठवडे माझी चेष्टा केली म्हणे.

सोळा वर्षांपूर्वी एक वहीचा प्रोग्राम आला. आपण लिहायचं, आपला एक गुप्त शब्द टाकायचा, वही बंद. शब्दाशिवाय कुणाला उघडायची नाही. भावजींनी चाळीस दिवस वापरला. मीही बसले, माझ्या आईच्या चार ओळी लिहिल्या, बंद केली, उघडली. "फुकट. मुदत नाही. घरात चालला," असं यादीत गेलं.

महिन्याभराने पत्रं यायला लागली. तीस दिवस झाले की वही उघडेना. पैसे भरा म्हणे, आणि भरायचे तर ती बनवणारी मंडळी कधीच दुकान बंद करून गेलेली. बारा जणांच्या वह्या अडकल्या.

भावजींनी दोन दिवस रजा काढली. त्यांच्याकडे वही रोज उघडत होती, हेच त्यांना समजेना. दुसऱ्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन गेले तेव्हा ते पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेकडे बघत बसले होते. मशीनच्या आतली घड्याळाची बॅटरी मेलेली आहे हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. तारीख बघायला भिंतीवर कॅलेंडर आहे, म्हणून त्यांनी ती बदलली नव्हती. बॅटरी नसल्यामुळे मशीन बंद करून चालू केलं की ते पुन्हा एक जानेवारी, नव्याण्णव साल, असं दाखवायचं. भावजी चाळीस दिवस वही तपासत होते आणि वहीच्या लेखी तो पहिलाच दिवस चाळीस वेळा उजाडत होता.

आमच्या ह्यांनी जेवताना म्हटलं, "जगाचे काटे तपासले आणि घरचं घड्याळ मेलेलं."

"खरंय, दादा," भावजी म्हणाले आणि जेवत राहिले. मला वाटतं, भांडले असते तर बरं झालं असतं.

उपाय सोपा निघाला. कॉम्प्युटरची तारीख मागे न्यायची, वही उघडायची, मजकूर दुसरीकडे उतरवून घ्यायचा. भावजींनी आपली चूक जशीच्या तशी लिहून हा उपाय सगळ्यांना कळवला. अकरा जणांच्या वह्या उघडल्या. एवढं मला माहीत होतं आणि माझ्या मते ते प्रकरण तिथे मिटलं होतं.

पंपहाऊसपाशी त्यांनी मला बाराव्या वहीचं सांगितलं.

ती एका बाईची होती. यादीत तिला मुंगी म्हणत, कारण ती शोधून आणायची ते प्रोग्राम साखरेच्या कणाएवढे असत. तिच्या आईची आठवण जायला लागली होती. आई बोलेल ते मुंगी रोज त्या वहीत लिहीत होती. वही अडकली त्याच आठवड्यात आईचं बोलणंही थांबलं. मुंगीने भावजींना एकच ओळ पाठवली, "तुमचा शिक्का बघून मी आईला त्यात ठेवलं." आणि ती यादीतून निघून गेली. उपाय कळवला तोवर तिचा ई-मेलचा पत्ता बंद झाला होता, पत्र परत आलं. खरं नाव, गाव, कुणालाच माहीत नाही. आपली वही उघडू शकते, हे तिला अजूनही ठाऊक नसेल.

आम्ही पुन्हा चालायला लागलो. चालताना मी मनात नाम घेते आणि भावजी ते ओळखून एरवी गप्प असतात. त्या दिवशी माझं नाम राहिलं. मी म्हटलं, मग आता त्या जुन्या डब्याचं काय? ते म्हणाले, की तो प्रोग्राम वही फ्लॉपीवरच, त्या जुन्या चौकोनी चकतीवर, ठेवायचा. हल्लीच्या कॉम्प्युटरला फ्लॉपी घालायला फटच नसते, तो प्रोग्राम त्यांच्यावर चालत नाही आणि त्यांची घड्याळं आपली आपण बरोबर होत राहतात. माझं मशीन मात्र, भावजी म्हणाले, बटण दाबलं की एक जानेवारीवर येतं. ज्याला काही येत नाही त्यालाही त्यावर तिची वही उघडून देता येईल.

"म्हणजे मला," मी म्हटलं.

"तुम्ही ती परीक्षा पास आहात," ते म्हणाले.

सोळा वर्षं दर रविवारी यादीच्या तळाशी ते एक ओळ घालतात, हे मला तेव्हा कळलं. "मुंगी, वही उघडते. फ्लॉपी घेऊन या." खाली आमच्या घराचा पत्ता आणि त्यांचा फोन. आता यादी वाचणारे तेवीस उरलेत. त्यांच्यापैकी कुणी तिला ओळखत असेल, ती स्वतः कधी जुनं काही शोधत पुन्हा यादीत येईल, एवढीच आशा. मला तो वेडेपणा वाटला. पण मी रोज ज्याला हाक मारते त्याचं उत्तर मला तरी कुठे ऐकू आलंय?

पुलाजवळ त्यांना खरोखरच दम लागला. आम्ही कठड्याला टेकलो. सोमवारी छाती उघडणार होते. डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन जे सांगितलं होतं, ते ह्यांनी मला सांगितलं होतं. ते भावजींनाही माहीत असावं.

"मी नसलो तर..." त्यांनी सुरुवात केली, आणि मी नेहमीप्रमाणे म्हटलं, असं बोलू नये.

"शुभाशुभ नाही हो, सोय बघतोय. दादा खोली आवरायला काढेल. तो पहिलं मशीन भंगारात देईल."

नाही देणार, मी म्हटलं.

मग त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. रविवारच्या यादीचा मसुदा होता. दोन खेळ, एक फोटोचा प्रोग्राम आणि तळाशी ती ओळ. पत्ता तोच होता. फोनच्या जागी त्यांनी आपला नंबर खोडला होता आणि पुढची जागा मोकळी ठेवली होती.

"अनोळखी माणसं फोन करतील, तुम्हाला ते आवडत नाही, मला माहीत आहे," ते म्हणाले. "ती आली तर बटण दाबा, फ्लॉपी घाला, आणि ती आपला शब्द टाकेल तेव्हा तुम्ही खोलीबाहेर उभ्या राहा. वहिनी, इथे तुमचा नंबर घालू का?"