कुठले पवार?

बिडकीनच्या पुढं एका गावात आठवडी बाजाराच्या बंदोबस्तावर आमची नेमणूक होती. गावाचं नाव लिहीत नाही. बाकीच्या गावांनी उगाच स्वतःला शहाणं समजू नये.

मी होमगार्डमध्ये बावीस वर्षं काढली. लोक म्हणतात, होमगार्ड म्हणजे अर्धे पोलीस. म्हणू द्या. दगड मात्र पूर्णच लागतो.

सकाळी सातला शहरात हजेरी, साडेसातला गाडी, नऊला पॉइंटवर. माझ्यासोबत रंजना पवार ही होमगार्ड आणि एक पोलीस हवालदार. वॉकीटॉकी हवालदारांकडं, आम्हा दोघींकडं काठी आणि शिट्टी. त्या दिवसांत पोरं पळवणारी टोळी आली म्हणून मोबाइलवर मेसेज फिरत होते. त्यावर विश्वास ठेवू नका, असं बाजारात सांगत फिरणं ही आमची ड्यूटी.

रंजना नवीन आली तेव्हा सगळे विचारतात तेच मी विचारलं होतं.

"कुठले पवार?"

"गंगापूरकडचे."

तेवढ्यावर मी तिला आमच्यातली धरली. दोन महिने आमचा डबा एकत्र होता. तिच्या हातची लसणाची चटणी मी मागून खायचे. तिची धाकटी बहीण माझ्या पुतण्यासाठी बघावी म्हणून एक दिवस घरचा पत्ता मागितला.

"ताई, आम्ही पारधी," ती म्हणाली.

"मग आधी सांगायचं नाय?"

"तुम्ही कुठले ते विचारलं. कुठले ते सांगितलं."

दुसऱ्या दिवसापासून मी डबा वेगळा खाल्ला. पोट बिघडलंय म्हणाले. मंगळसूत्र शर्टाच्या आत टाकलं, पाकीट कमरेला खोचलं. तिनं ते बघितलं.

"ताई, कमरेचं पाकीट काढायला लई सोपं असतं म्हणतात. मला येत नाय, पण म्हणतात."

हवालदार हसले. मी हसले नाही. दोन महिन्यांत तिनं माझी टाचणीसुद्धा न विचारता घेतली नव्हती, हे मला माहीत होतं. माहीत असून माझा हात कमरेकडंच जायचा.

बाजारात आमचा चहावाला ठरलेला होता. एकदा तो म्हणाला, "पवारबाई लई चांगल्या हायेत."

"असंल चांगली," मी म्हणाले. "पारधीण हाय ती. गल्ल्याकडं ध्यान ठेव."

त्यानं गल्ला लगेच जवळ ओढला.

पुढच्याच बाजारची गोष्ट. दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. सुया, दाभण, बिब्बे विकणारी एक बाई पोराला कडेवर घेऊन फिरत होती. बाई काळी, पोर गोरं, केस भुरे. पोर रडत होतं. कांदे घेणारी एक बाई म्हणाली, "हिचं कसलं असंल हे पोर? जरा बघा तरी."

पोरं होतात गोरी. पण खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. मी जागची हलले नाही. रंजना हलली.

पाच मिनिटांत शंभर माणसं जमली. ज्यांना स्वतःच्या पोराची इयत्ता सांगता आली नसती, ते दुसऱ्याच्या पोराची काळजी करत होते. निम्मे हात मोबाइल धरून वर.

हवालदार वॉकीटॉकीवर बोलले.

"कंट्रोल, बाजार पॉइंट. मॉब जमलाय. फोर्स पाठवा."

"तुम्ही किती?"

"तीन."

"रोखून धरा. अर्धा तास."

रंजनानं त्या मायलेकांना खताच्या रिकाम्या दुकानात ढकललं, शटर खाली ओढलं आणि पाठ लावून उभी राहिली.

"गाडी निघालीय. पोलीस कागद बघतील, चौकशी करतील. मागं व्हा, दादा."

आणि लोक मागं झाले. चार पावलं, पण झाले. खाकीला तेवढी किंमत असते. मग चहावाला गर्दीतून ओरडला.

"अरे, ही तरी कोण हाय? पारधीणच हाय ही! आपल्या माणसाची राखण करतीय."

आतली बाई वैदू होती. पारधी नव्हती. गर्दीला दोन्ही सारखेच. तोवर मलाही सारखेच होते.

चार पावलं परत पुढं आली. मी आणि हवालदार काठ्या चालवत आत घुसलो. पहिला दगड रंजनाच्या खांद्यावर बसला, दुसरा कानशिलावर. ती खाली बसली, पण शटरचं हँडल तिनं सोडलं नाही. मी तिच्यासमोर उभी राहिले.

"ताई, शटर उघडू देऊ नका," ती म्हणाली. नंतर काही बोलली नाही.

बारा एकेचाळीसला फोर्स आली. गर्दी पांगली. दोन मिनिटांनी तिथले लोक भाजी घेत होते.

शटर उघडलं. मायलेक जिवंत होते. बाईच्या पिशवीत पोराचं लसीचं कार्ड होतं, त्यावर तिचंच नाव. शंभर माणसांतल्या एकानंही तिला विचारलं नव्हतं. मीही नाही. रंजनाला शहरातल्या दवाखान्यात न्यायला निघालो, पण ती अलीकडंच वाटेत गेली.

अंत्यविधीला जाताना गाडीत आमच्यातली एकजण म्हणाली, "पर्सा गाडीतच ठेवा गं. वस्ती पारध्यांची हाय." बाकीच्यांनी ठेवल्या. मी माझी हातात घेऊन उतरले. त्यात मोठेपणा काही नाही. उशीर झाला होता.

शोकसभेत एक पुढारी म्हणाला, पारधी समाजातली असूनही तिनं दुसऱ्यासाठी जीव दिला. लोकांनी माना डोलावल्या. असूनही कशाला? हवालदार पारधी नव्हते, मी पारधी नव्हते, ती शंभर माणसंही नव्हती. आम्ही काय दिलं?

तपासाच्या साहेबांनी माझा जबाब घेतला. वेळ, जागा, माणसं, सगळं मी नीट सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, "ती पारधी आहे हे चहावाल्याला कसं कळलं?"

"माहीत नाही," मी म्हणाले. त्यांनी लिहून घेतलं. मी वाचून सही केली.

होमगार्ड रंजना पवार, वय एकतीस, बंदोबस्तावर असताना मयत. तिच्याबद्दलच्या माझ्या जबाबात एक ओळ खोटी आहे. ती इथं दुरुस्त करते. चहावाल्याला मी सांगितलं होतं.