गुरुवारचा डबा

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आमच्या कामात तो परवडतच नाही. कोणाच्या अंगात येतं, कोणाला बाहेरचं लागतं, कोणावर भावकीनं करणी केलेली असते... हे सगळं ऐकून घ्यायचं, हसायचं नाही, आणि हळूच विचारायचं — झोप लागते का? जेवण जातं का? गेली बारा वर्षं मी हेच करतेय. या ग्रुपवर लोक लिहितात ते भुताचे अनुभवसुद्धा मी वाचते ते 'नक्की काय झालं असेल' हे शोधायला, आणि बहुतेक वेळा मला ते सापडतं. घरचे म्हणतात, हिच्याबरोबर भुताचा पिक्चर बघू नये, सगळी मजा घालवते. आता माझीच मजा झालीय. वर्षभर तपासतेय, काही हाती लागत नाही. म्हणून लिहितेय. माणसांची नावं बदललीत, वाडीचं नाव सांगणार नाही.

मी समुपदेशक आहे. शिराळ्यात आमच्या संस्थेच्या दोन खोल्या आहेत. जीव द्यायचा विचार ज्यांच्या मनात येतो त्यांच्यापर्यंत पोचायचं, त्यांना डॉक्टरकडे न्यायचं, घरच्यांना जागं करायचं आणि नंतर पुन्हा पुन्हा भेटत राहायचं, हे माझं काम. यातलं 'पुन्हा पुन्हा' सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच मला मुलाणी आपांनी शिकवलं. आपा रहिमतपूरच्या. जुन्या नर्स, निवृत्तीनंतर काही वर्षं आमच्या संस्थेत होत्या. त्यांची पद्धत अशी — समोर बसायचं नाही, शेजारी बसायचं. हाताला काहीतरी काम घ्यायचं, पावटा सोलायचा, तांदूळ निवडायचे. आडवळणानं न जाता सरळ विचारायचं, 'जीव द्यावासा वाटतो का?' आणि उठताना त्या घरातला एक रिकामा डबा मागून घ्यायचा.

हो, डबा! आपल्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, हे काय सांगायला हवं? तर डबा न्यायचा, परत आणायचा वार ठरवायचा, आणि त्या वारी त्यात काहीतरी घालून हजर व्हायचं. 'माणसाला काय, नुसतं भेटायला येते म्हटलं तर तो नको म्हणेल,' आपा म्हणायच्या, 'पण स्वतःचा डबा परत घ्यायला तो थांबतो गं.' ऐकायला पोरकट वाटेल. मलाही वाटलं होतं. पण लोक थांबतात.

आता माझी चूक. खेडेगावात माझी डायरी कोणाच्या हाती पडली तर संध्याकाळपर्यंत पारावर चर्चा. म्हणून मी डायरीत नावं लिहीत नसे, डबे लिहायची. 'कडीचा डबा, सोमवार.' 'गोल डबा, गुरुवार.' भेट झाली की पुढे बरोबरची खूण. मला या युक्तीचा फार अभिमान होता.

त्या दिवसांत भुईमुगाची काढणी चालली होती. 'गोल डबा' म्हणजे एक निवृत्त सुभेदार. पन्नाशीच्या आतले, ताठ, मिशी पांढरी. दोन वर्षांपूर्वी बायको गेली, मुलगी लग्न होऊन पुण्याला. शेजारच्या वहिनींनी आम्हाला फोन केला होता, की सुभेदार कोणाशी बोलत नाहीत, शेतात जातात आणि बांधावर नुसतेच बसून राहतात. मी गेले, शेजारी बसले, सरळ विचारलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "येतो इचार. रोज येतो. आजपातूर कुनी इचारलंच न्हाई."

पुढचं सगळं रीतसर केलं. डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, मुलगी येऊन आठवडाभर राहिली. ती बुधवारी परत जाणार होती. माणूस पुन्हा एकटा पडतो तो दिवस धोक्याचा, म्हणून मी मुद्दाम गुरुवार दिला. डबा मागितल्यावर त्यांनी फडताळातून एक गोल स्टीलचा डबा काढला. झाकणावर नाव घातलेलं — सौ. शालन. बायकोचा डबा. पुसून माझ्या हातात देत म्हणाले, "ह्यो हरवू नका बाई. गुरुवारी अकराच्या एसटीनं ना? मी वाट बघतो. मिल्ट्रीतला मानूस हाय, टाइम म्हंजे टाइम."

तो डबा मी ऑफिसच्या लोखंडी कपाटात ठेवला. कपाटाला एकच किल्ली, आणि ती माझ्या पर्समध्ये असते.

गुरुवारी मी साताऱ्यात होते. मीटिंग होती, सकाळी निघाले, संध्याकाळी परत. दिवसभरात सुभेदार एकदाही आठवले नाहीत. का आठवतील? डायरीत 'गोल डबा' पुढे बरोबरची खूण होती. सोमवारी 'कडीचा डबा' पोचवून आले आणि खूण केली ती खालच्या ओळीत!

शुक्रवारी सकाळी डायरी उघडली तेव्हा दिसलं, की कडीच्या डब्यापुढे खूणच नाही. दोन मिनिटं लागली मला समजायला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला वाटलं की माझ्या हातून माणूस गेला.

सुभेदारांना फोन लावला, उचलला नाही. शेजारच्या वहिनींचा बंद. डबा घ्यावा म्हणून कपाट उघडलं... डबा नव्हता. बाकीचे तीन होते, जागच्या जागी. तेव्हा विचार करायला वेळच नव्हता. स्कूटी काढली आणि सुटले. त्या पाऊण तासात मी किती देवांना काय काय कबूल केलं, ते सांगत नाही. विश्वास नसणारी बाई ना मी!

सुभेदार अंगणात बसले होते. समोर शेंगांचा ढीग, मांडीवर सूप. मला बघून उठले.

"या बाई. फोन चार्जिंगला लावलाय आत, त्यामुळं ऐकू आला न्हाई. आवं, एवढ्या घामाघूम का?"

मी पायरीवर बसले आणि रडायला लागले. समुपदेशक अशी क्लायंटच्या दारात रडत नाही, पण मी रडले. त्यांनी पाण्याचा तांब्या आणून दिला आणि म्हणाले, "काल डबा पोचला बरं का. तुमी सातारला आडकला म्हनून त्या बाईंला धाडलंसा, लय बरं केलं."

"कोणत्या बाई?"

"तुमच्या हापिसातल्या. वयस्कर. चष्म्याला दोरी. अकराच्या एसटीनंच आल्या की."

पहिल्यांदा ऐकून घ्यायचं, ही माझी सवय. ते सांगत गेले. बाई आल्या, 'कदमबाईंनी डबा पाठवलाय' म्हणाल्या — कदमबाई म्हणजे मी. खुर्ची दिली तर नको म्हणाल्या, त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि शेंगा फोडायला लागल्या. मग सरळ विचारलं, आज जीव द्यावासा वाटतो का?

"आन मी सांगितलं, व्हय. आजच." सुभेदार सुपाकडे बघत बोलत होते. "पोरगी गेली. घर खायला उठलं. कागदपत्रं पिशवीत भरून ठिवली हुती मी. मनाशी ठरीवलं हुतं, अकराच्या गाडीनं बाई आली तर आली. न्हाई आली तर समजायचं, आपली कुनाला गरज न्हाई."

पुढे तीन तास त्या बाई तिथेच बसल्या. ढीगभर शेंगा फोडल्या. शालनताईंबद्दल विचारत राहिल्या. त्यांच्यासमोर सुभेदारांनी मुलीला फोन लावला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्याजवळ रडले. "आज हितं बसलोय ते तुमच्या त्या बाईमुळं," ते म्हणाले.

आत फडताळात डबा होता. गोल, झाकणावर सौ. शालन. मी हातात घेऊन बघितला. आत तिळाचे लाडू. संक्रांतीला अजून तीन महिने होते.

"साडेपाच हुते," सुभेदार पहिल्यांदाच जरासे हसले. "अर्धा वाटंत खाल्ला असंल म्हातारीनं. एक मी खाल्ला."

त्या दिवशी मी त्यांना खरं सांगितलं नाही. धीर झाला नाही. त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे नेलं, मुलीला बोलावून घेतलं, आणि मग माझा शोध सुरू झाला. ऑफिसमध्ये आम्ही तिघं, त्यात वयस्कर बाई कोणीच नाही. कपाट फोडलेलं नाही, किल्ली माझ्याबरोबर साताऱ्याला. मी साताऱ्याला गेलेय हे ऑफिसला माहीत होतं, पण सुभेदारांचा गुरुवार फक्त माझ्या डायरीत, आणि 'गोल डबा' म्हणजे कोण हे माझ्याशिवाय कोणाला कळणार? भास म्हणावा तर शेजारच्या वहिनींनीही बघितलं होतं — पाठमोरी बाई, सुभेदारांच्या शेजारी शेंगा फोडत बसलेली. आणि भास डबा कसा आणून देईल?

एकच नाव डोक्यात येत होतं. कराड-मसूरमार्गे रहिमतपूर गाठलं. आपा आता सत्तरीच्या पुढे आहेत, सुनेच्या हाताला धरून उठतात.

"आपा, खरं सांगा, तुम्ही आला होता का?"

"अगं खुळे, मला न्हाणीपर्यंत जाताना दोनदा बसावं लागतं. मी शिराळ्याला कुठली येते?"

तरी सुभेदारांना दाखवायला म्हणून मी त्यांचा फोटो काढला. (नंतर दाखवला. "ह्या न्हवंत," ते लगेच म्हणाले.) मग आपांना सगळं सांगायला लागले. चष्म्याची दोरी सांगितली, जमिनीवर बसणं सांगितलं. डबा तिळाच्या लाडवांनी भरलेला होता म्हटल्यावर त्यांनी मला हातानं थांबवलं.

"किती होते? साडेपाच?"

मी आकडा सांगितला नव्हता. आजही शपथेवर सांगते, नव्हता सांगितला.

आपांनी सुनेला चहा करायला आत पाठवलं आणि जे सांगितलं, ते इतक्या वर्षांत मला कधी सांगितलं नव्हतं. त्यांचं पहिलं मूल जन्मताच गेलं. त्या तेव्हा विशीत, सासर नवं. सगळे म्हणत होते, अजून होतील. त्यांना मात्र जगायचंच नव्हतं. एक दिवस दुपारी त्या घरात एकट्या असताना दारात एक बाई आली. पन्नाशी-साठीची, चष्म्याला दोरी. दवाखान्यातली असेल असं आपांना वाटलं. ती शेजारी बसून तांदूळ निवडत राहिली, सरळ विचारलं, आणि उठताना रिकामा डबा घेऊन गेली. पुढच्या गुरुवारी तो परत आणला, तेव्हा आत तिळाचे लाडू. साडेपाच. अर्ध्या लाडवाचं आपांनी विचारलं, तर म्हणाली, 'राहू दे, अर्धा दिसला की कोणीतरी आपल्याबरोबर खाल्लंय असं वाटतं.' पुन्हा कधी आली नाही. दवाखान्यात चौकशी केली, तर तशी बाई कोणाला माहीत नव्हती.

"डब्याची पद्धत माझी नाही गं," आपा म्हणाल्या. "तिची आहे. मी नुसती पुढं चालवली."

त्या गोष्टीला पन्नास वर्षं होत आली. ती बाई तेव्हाच पन्नाशी-साठीची होती. आता करा हिशोब.

मी केला, जमला नाही. आपांनी कधीतरी बोलता बोलता कोणाला सांगितलं असेल आणि त्या माणसानं हे केलं असेल, हाही विचार केला. पण आपा म्हणतात कोणालाच नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. आणि समजा सांगितलं, तरी कपाटाचं काय?

शेवटी सुभेदारांना खरं सांगायचं ठरवलं. डॉक्टरांना विचारूनच. ते तेव्हा बरेच सावरले होते. मी शेजारी बसले आणि सांगून टाकलं — त्या बाई आमच्या नाहीत, मी कोणालाही पाठवलं नव्हतं, माझी खूण चुकली होती.

"म्हंजे तुमी मला इसरला हुता."

"हो."

"पार?"

"पार."

त्यांनी शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. विश्वास गेला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून.

"आन तरी डबा आला," ते म्हणाले. "आला का न्हाई? मग झालं तर. इसरलेल्या मानसाचा बी डबा येतो म्हनायचं." मग आत जाऊन तोच डबा घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवला. "न्या. मंगळवारी आणा. आन डायरीत माझं नाव लिवा, सरळ आख्खं. डबा-बिबा न्हाई. मला कसली लाज?"

मी लिहिलं.

आता एकच अडचण राहिलीय. आमच्या भेटीच्या तक्त्यात एक रकाना असतो, 'भेट देणाऱ्याचे नाव'. त्या गुरुवारची भेट मी नोंदवली, कारण भेट झाली होती. वेळ लिहिली, तीन तास. काय बोलणं झालं ते लिहिलं. नावाचा रकाना रिकामा सोडला. सांगलीचे आमचे साहेब दर तपासणीत त्याच्याभोवती लाल गोल करून तक्ता परत पाठवतात, 'पूर्ण करा' म्हणून. मी तो तसाच पुन्हा पाठवते. माझं नाव तिथं घालता येत नाही, आणि तिचं मला माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाच्या घरी चष्म्याला दोरी बांधलेली अशी बाई कधी येऊन गेली असेल, तर तेवढं नाव मला कळवा.