इंदूमावशीच्या फॉर्मवर मी लिहिलेलं ‘नाही’

मनीषाचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात तेलात होते आणि हाताखाली बँकेतल्या एका बाईंची पाठ होती. फोन स्टुलावर थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. मनीषा म्हणजे इंदूमावशीची सून. ती भर कामाच्या वेळी लागोपाठ फोन करते म्हणजे काय ते मला कळलं. पण आम्हाला शिकवलंय की एकदा माणसाच्या अंगावर हात ठेवला की मध्येच झटकन उचलायचा नाही, अंग दचकतं. म्हणून मी ती पाठ शेवटपर्यंत केली, चादर वर ओढली, हात धुतले आणि मग फोन लावला. “ताई, आई गेल्या. पहाटे,” एवढंच ती म्हणाली. मला रडू यायला हवं होतं. आधी आला तो राग. पाच आठवडे झाले, अजून तो पुरता उतरलेला नाही. मनात राग असताना गेलेल्या माणसाबद्दल लिहू नये म्हणतात, पण उतरायची वाट बघत बसले तर हे लिहून व्हायचंच नाही.

इंदुमती परब आणि मी एकाच वर्गात शिकलो. ती तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची, मी सत्तावीस. मुलुंडला, एका मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर मसाज थेरपीचा वर्षभराचा कोर्स चालायचा. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. वडील गिरणी बंद पडल्यावर सोसायट्यांच्या गेटवर बसले, आईने लोकांच्या घरी पोळ्या लाटल्या, आणि मी बी.ए. झाले. ते सर्टिफिकेट आमच्याकडे देवाच्या फोटोशेजारी टांगलेलं आहे आणि त्याची मला अजिबात लाज नाही. मानेचं दुखणं लागून कॉल सेंटर सुटलं, फिजिओथेरपीच्या बाईंनी मला बरं केलं, आणि हे काम शिकावं असं डोक्यात बसलं. पण ‘मसाज’ म्हटलं की लोक कसे हसतात ते माहीत होतं. चाळीत मी थेरपीचा कोर्स करते एवढंच सांगायची. मावशीला ते पहिल्याच आठवड्यात कळलं. “थेरपी म्हण नाहीतर थालीपीठ म्हण, हात तेलातच जाणार,” ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिने माझं नाव टाकून मला ‘ग्रॅज्युएट’ म्हणायला सुरुवात केली. ए ग्रॅज्युएट, पंखा लाव. ए ग्रॅज्युएट, हे काय लिहिलंय वाच.

तिला खरं तर कोर्सची काय गरज होती, असं कोणालाही वाटेल. भांडुप-मुलुंड पट्ट्यात तीस वर्षं तिने बाळंतिणींची आणि बाळांची अंगं चोळली होती. पण जिला तिने तान्ही असताना पायांवर घेऊन न्हाऊ घातलं होतं, ती नेहा आता लग्न होऊन टॉवरमध्ये राहायला गेली होती. पोटी बाळ हवंय, वर्षा-दोन वर्षांत होईलच, असं ठरवून बसलेली. ती म्हणाली, मावशी, तूच ये गं, पण ह्यांचं म्हणणं आहे की सर्टिफिकेट असलेलीच बाई हवी. नेहाने ते अगदी प्रेमाने सांगितलं असणार. मावशीला मात्र ते असं लागलं की दुसऱ्या दिवशी ती वर्गाचा पत्ता विचारत आली. “माझ्याच हातावर मोठी झाली, आणि माझा हात कसा आहे ते कागद सांगणार,” हे वाक्य तिने वर्षभरात किती वेळा म्हटलं त्याला गणती नाही. तो कागद तिला हवाच होता. माझं जे सगळं सांगणं आहे ते ह्या हवेपणाचंच आहे.

वर्गात तिने मॅडमचा जीव खाल्ला. बाळाच्या मालिशसाठी प्लास्टिकची बाहुली आणली, तर मावशीने तिला तंगडीला धरून उचललं आणि बाजूला ठेवलं. जे रडत नाही, मुतत नाही, ते कसलं बाळ, म्हणे. स्नायूंची इंग्रजी नावं पाठ करायची तर खांद्यापासून पाठीवर उतरणाऱ्या मोठ्या स्नायूला ती ‘उपरणं’ म्हणायची आणि पोटरीला ‘बांगडा’. नखं दर सोमवारी तपासली जायची ते मात्र तिला पसंत होतं. पहिले काही आठवडे आम्हाला अंगाला हात लावू दिला नाही, नुसती चादर घालायला शिकवलं... ज्या भागावर काम करायचं तेवढाच उघडा, बाकी माणूस झाकलेला, कूस बदलतानाही चादर हलता कामा नये. मी वैतागले होते, पदवी घेऊन चादरी घालायला आले का म्हणून. मावशी वैतागली नाही. उलट माझी चादर सरकली की हातावर चापट मारायची. म्हणायची, बाईमाणूस उघडं पडलं की अंग आवळून घेतं, मग तू कितीही दाब, तेल वरच राहतं. हे मॅडमच्या पुस्तकात दोन पानं होतं. तिला ते एका ओळीत येत होतं, आणि याचा मला मनापासून राग यायचा.

सराव जोडीजोडीने असायचा. एकीने झोपायचं, दुसरीने करायचं, मग उलट. तास दोघींच्या वहीत लिहायचे, ठरलेले तास भरले नाहीत तर परीक्षेला बसता येणार नाही. माझ्या वाट्याला मावशी आली. आठ महिने आठवड्यातून तीनदा मी तिचं अंग हाताखाली घेतलं आणि तिने माझं. सख्ख्या आईची पाठ मला तेवढी ठाऊक नाही. डावा खांदा किंचित खाली, कमरेत दोन मणक्यांच्या मध्ये कायमची आखडलेली जागा, तीस वर्षं पाटावर पाय पसरून बसल्याने घट्ट झालेल्या मांड्या. मी अंगठ्याने दाबत असे आणि ती खालून ओरडत असे, अंगठा मोडेल तुझा, अंगाचा भार टाक, ग्रॅज्युएट, तुला अंग दिलंय ना देवाने.

प्रत्येक सरावाआधी एक फॉर्म भरायचा. ताप आहे का, सूज आहे का, कुठे गाठ आहे का, ऑपरेशन झालंय का... आहे किंवा नाही. एकही ‘आहे’ आलं की डॉक्टरची चिठ्ठी आणेपर्यंत त्या माणसाला टेबलावर घ्यायचं नाही. हाताने काय करायचं याच्या आधी कधी करायचं नाही ते शिका, असं मॅडम पहिल्या दिवसापासून सांगत. मावशीला लिहायचा कंटाळा, म्हणून तिचाही फॉर्म मीच भरायची.

परीक्षेला सहा-सात आठवडे होते. कुशीवर झोपवून करायचं शिकत होतो. मावशी डाव्या कुशीवर होती, मी बरगडीच्या कडेने वर काखेकडे हात नेला आणि हात थांबला. लिंबाएवढी गाठ. हलत नव्हती. मी विचारलं कधीपासून आहे. ती म्हणाली चरबी आहे. मी म्हटलं चरबी अशी लागत नाही. मग ती म्हणाली की गाठी तिने आयुष्यभर बघितल्यात, बाळंतिणींना दूध साचून होतात, गरम तेलाने विरघळतात, आणि ती रोज रात्री स्वतःच तिच्यावर तेल चोळतेय.

“मावशी, तुझं स्वतःचं शेवटचं बाळंतपण तीस वर्षांपूर्वीचं. आता दूध कुठून आलं?”

ती हसली. मीही हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

मी फॉर्म काढला, आधी भरलेल्या ‘नाही’वर काट मारली आणि ‘आहे’ लिहिलं. मावशी टेबलावर उठून बसली. चिडली की ती मालवणीत जायची. “लिव नको,” ती म्हणाली. “लिवलंस तर माझा सगळा ऱ्हवतला.” सगळं राहून जाईल, म्हणजे. मग शुद्ध भाषेवर येऊन हिशेबाने समजावलं. चिठ्ठीसाठी सरकारी दवाखान्यात जायचं म्हणजे आज हा कागद, उद्या तो फोटो, परवा सुई. चार आठवडे गेले की तास भरत नाहीत, तास भरले नाहीत की परीक्षा पुढच्या वर्षी, आणि पुढच्या वर्षी नेहाच्या घरी दुसरी बाई. परीक्षा झाली की दुसऱ्या दिवशी जाईन, तुझी शपथ, असं म्हणून तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. हीच बाई, कुठल्या पोरीच्या छातीतली गाठ दोन दिवसांत विरघळली नाही तर तिला स्वतः रिक्षात घालून डॉक्टरकडे नेणारी. मी तो कागद फाडला, नवा घेतला, आणि माझ्या सुवाच्य अक्षरात ‘नाही’ लिहिलं. ती अडाणी होती म्हणून असं झालं, असं मला म्हणता येत नाही, कारण तिला माझ्याइतकंच कळत होतं. मी शिकलेली असून फसले, असंही नाही. दोन कळत्या बायकांनी मिळून ते ‘नाही’ लिहिलं.

त्यानंतर मी तिला कुशीवर घेतलं की काखेच्या खालीच हात वळवून परत यायची. दर वेळी फॉर्म मीच भरला.

तोंडी परीक्षेत, अगदी ठरवून विचारल्यासारखं, बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी मावशीला विचारलं की पेशंटच्या अंगाला गाठ लागली तर काय कराल. मी दारात माझ्या नंबरची वाट बघत उभी होते. मावशीने घसा खाकरला आणि शाळेतल्या मुलीसारखं उत्तर दिलं. हात थांबवायचा. घाबरवायचं नाही. चोळायचं नाही. डॉक्टरला दाखवून चिठ्ठी आण म्हणायचं, आणि चिठ्ठी येईपर्यंत हात लावायचा नाही. परीक्षक बाई खूश झाल्या. बाहेर येऊन ती माझ्याकडे बघेना. प्रात्यक्षिकात ती पहिली आली, मी चौथी.

दुसरा दिवस उजाडला आणि मावशीला गणपती आठवले. गावाहून आल्यावर म्हणाली सर्टिफिकेट हातात येऊ दे. सर्टिफिकेट आलं, तिने ते लॅमिनेट केलं, पिशवीत घालून नेहाकडे घेऊन गेली. नेहाला तोवर दिवस जाऊन शेवटचा महिना लागला होता. मग बाळ झालं. मग बाळाचे चाळीस दिवस पुरे होऊ देत. मी फोन करायची, भांडायची, दोनदा तिच्या घरी भांडुपच्या टेकडीवर चढून गेले. दोन्ही वेळा ती नेहाकडे गेलेली. मनीषाला सांगेन म्हणून मी धमकी दिली. “सांग,” ती म्हणाली, “आणि फॉर्म कोणी भरला तेपण सांग.” मी सांगितलं नाही. तिला माझी नस बरोबर सापडली होती, तेच तर तिचं काम.

शेवटी हात सुजला तेव्हा ती गेली, आणि बरोबर मला नेलं. डॉक्टरने विचारलं गाठ कधीपासून आहे. मावशी म्हणाली आठ दिवस. मी म्हटलं, सात महिने. टेबलाखालून तिने मला असा चिमटा काढला की वळ उठला. त्यानंतर पावणेदोन वर्षं ऑपरेशन, औषधं, केस जाणं, केस येणं, पुन्हा जाणं चाललं. त्यातही मधल्या बऱ्या दिवसांत तिने दोन बाळांना न्हाऊ घातलं, एका हाताने. मला कळलं तेव्हा मी बोलले नाही तिच्याशी पंधरा दिवस. तिने निरोप पाठवला की ग्रॅज्युएटचा रुसवा संपला की येताना नारळाचं तेल आण.

शेवटची भेट तिच्या घरीच. उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत फुगून जड झालेला, उशीवर ठेवलेला. म्हणाली, ह्याला जरा दाबून दे. मी नाही म्हटलं. असा हात दाबायचा नसतो, त्याची वेगळी पद्धत असते, ती शिकलेलीच बाई करते, आणि मी ती शिकलेले नाही. मी हे सगळं नीट समजावून सांगितलं, पुस्तकात होतं तसं. तिने ऐकून घेतलं.

“आत्ता बरोबर ‘नाही’ म्हणतेस,” ती म्हणाली. “तेव्हा म्हणायचं होतंस.”

शपथ कोणी घेतली, कागद कोणी फाडायला लावला, हे सगळं ओठांवर आलं. आजारी माणसाशी भांडू नये म्हणून गिळलं, आणि ते अजून घशातच आहे. ती माझ्याकडे बघत होती. टोमणा होता की खरंच म्हणत होती, तिच्या तोंडावरून कधीच कळत नसे. मग तिने पाय पुढे केले. पाय तरी चालतात का तुझ्या पुस्तकात, म्हणाली. मी मनीषाला विचारलं, डॉक्टरांनी पायांना हरकत घेतलेली नव्हती. हलक्या हाताने तेल लावलं. सगळा वेळ ती डोळे मिटून चुका काढत होती.

आता मुलुंडला पहिल्या मजल्यावरच्या एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत माझं टेबल आहे. मावशीच्या गिऱ्हाइकांपैकी काही जणी माझ्याकडे येतात. गेल्या महिन्यात एक आल्या, चाळिशीच्या, शाळेत शिकवणाऱ्या, मावशीने त्यांची दोन्ही बाळंतपणं केलेली. मी फॉर्म वाचायला लागले, गाठीपाशी आले, आणि त्या थांबल्या. मग हसून म्हणाल्या, मानेशी आहे एक छोटीशी, जुनी आहे, ते नका लिहू. मी त्यांच्यासमोर ‘आहे’ लिहिलं. अंथरलेली चादर तशीच राहू दिली, तेलाचं झाकण लावलं, आणि चिठ्ठी आणा म्हणून सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, इंदूताई असत्या तर असं परत पाठवलं नसतं. मी म्हटलं, पाठवलं असतं. तुम्हाला नक्की पाठवलं असतं.

त्या रागावून गेल्या. दोनदा फोन केला, उचलला नाही. दवाखान्यात दाखवायला गेल्या की नाही, मला माहीत नाही. गुरुवारची चारची वेळ त्यांची होती, ती मी अजून कोणाला दिलेली नाही. चार वाजता मी टेबलावर धुतलेली चादर घालते, कोपरे ताठ करते आणि स्टुलावर बसून राहते. अख्खा तास तसा जातो. मावशीला जेवढं बोलायचं राहिलंय ते मी त्या तासात बोलून घेते, आणि जिन्यावर पाऊल वाजलं की गप्प होऊन दाराकडे बघते.