बाराच्या घंटेला काय ऐकलं?

नमस्कार मंडळी. या सदरातले अनुभव मी नियमित वाचते आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसते. चिंचेखाली उभी असलेली बाई, अमावस्येला बंद पडणारी मोटारसायकल... अहो, आधी प्लग साफ करून बघा की! भूतखेत, भानामती, अंगात येणं यातलं काहीही मी आजवर मानलेलं नाही आणि हे लिहून झाल्यावरही मानणार नाही. जालन्यात बियाणं तपासणाऱ्या लॅबमध्ये माझं आयुष्य गेलं. उगवलं तर उगवलं, नाही तर नाही. कंपनीचा मालक समोर येऊन बसला तरी माझा रिपोर्ट बदलत नाही. तेव्हा जे घडलं ते रिपोर्टसारखंच सांगते. फक्त शेवटचा, निष्कर्षाचा रकाना रिकामा राहणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

जालन्याहून मंठ्याकडे जाताना, मंठा यायच्या बऱ्याच अलीकडे, डाव्या हाताला मोसंबीच्या बागा लागतात. त्या संपल्या की आमची शाळा होती. काळ्या दगडाची दुमजली इमारत, पुढे कमानींचा व्हरांडा, दर्शनी भिंतीवर क्रूस, मागे मुलींचं होस्टेल आणि स्वयंपाकघर. मिशनचं हायस्कूल म्हणूनच आसपासची गावं तिला ओळखायची. पुढे पोरं कमी झाली, जो तो इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या बसमध्ये बसायला लागला, सिस्टर लोकही कमी झाल्या... आणि एका जूनमध्ये शाळा उघडलीच नाही.

माझं गाव केदारखेडा, तिकडे भोकरदनच्या बाजूला. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला एवढ्या लांब होस्टेलला घातलं तेव्हा भावकीत मोठा गहजब झाला. पोरीला बाटवतील म्हणून. दादा म्हणाले, "बाटली तर बाटली, गणित तर येईन!" बाटलं कुणीच नाही. गणित मात्र आलं.

आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर बेनिटा. मूळच्या मंगळूरकडच्या, पण मराठी अशी बोलायच्या की मंठ्याच्या बाजारात त्यांना कुणी फसवू शकत नसे. शाळेच्या पटांगणात दोन लोखंडी खांबांवर एक कमान होती आणि तिला मोठी ओतीव घंटा टांगलेली. दुपारी बारा वाजता सिस्टर स्वतः दोर ओढायच्या. तीन ठोके, मग थांबणं. पुन्हा तीन, पुन्हा थांबणं. पुन्हा तीन. दुसऱ्या तिनातला शेवटचा ठोका नेहमी बसका यायचा, कारण दोर तिथे खांबाला अडकायचा.

ही कॅथलिक लोकांची दुपारच्या प्रार्थनेची घंटा. ख्रिश्चन पोरं मनात प्रार्थना म्हणायची. पण वर्गात मराठ्यांची पोरं, बौद्धांची, मुसलमानांची... आम्ही काय करायचं? सिस्टरांनी आमच्यासाठी एक नियम काढला होता. "प्रार्थना नको तर नको. पण जिथे असाल तिथे उभे राहा, गप्प राहा, आणि ऐका." हातात पळी असो, एक पाय पायरीवर असो, तसंच थांबायचं. थोड्या वेळाने सिस्टर कुणाकडे तरी बोट करायच्या. "काय ऐकलं?" मग आपण ऐकलेला एक आवाज सांगायचा. अट एकच, दुसऱ्या कुणी सांगितलेला नको. नवीन पोर हमखास म्हणायचं, "घंटा." सिस्टर म्हणायच्या, "ती सगळ्यांनीच ऐकली. दुसरं सांग."

आमच्या वर्गातल्या गफूरने एकदा मान खाली घालून सांगितलं होतं, "सिस्टर, तुमच्या पोटात गुडगुड झाली." सिस्टर भिंतीला धरून हसल्या होत्या. वारल्या बिचाऱ्या, मंगळूरलाच.

तर यंदा दिवाळीनंतर कळलं की जागा विकली गेली आणि इमारत पाडणार. पाडायच्या आधी एकदा भेटू या म्हणून जुन्या विद्यार्थ्यांनी रविवारी कार्यक्रम ठरवला. कापूस वेचणीचे दिवस, तरी बरेच जण आले. सगळ्यांचे केस पांढरे नाहीतर काळे केलेले. गफूर आता मंठ्याला ट्रॅक्टरचं गॅरेज चालवतो, त्याने मांडव टाकला. माझी होस्टेलमधली मैत्रीण शकू आली, सोबत सून कविता आणि नात चिऊ. चिऊ अजून शाळेतही जात नाही. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, दवाखान्यांच्या खेपा घालून घालून झालेली ही एकुलती पोर. कविता तिला नजरेआड होऊ देत नाही. शकू तिला चिडवते, "पोरगी हाय व, खिशातला मोबाइल न्हाई."

साउंडबॉक्सवर गाणी लागली होती, मागे स्वयंपाकघराच्या शेडमध्ये आचारी वांगी चिरत होता. भाषणं चालू झाली आणि तशीच चालू राहिली. कविताला वाटलं चिऊ आजीजवळ आहे. शकूला वाटलं आईजवळ आहे. घराघरात होते तीच चूक. दोघींची नजरानजर झाली आणि दोघींच्या लक्षात आलं, पोर कुणाजवळच नाही.

आधी कुणी फार घाबरलं नाही. मी तर अगदी ठासून सांगितलं, "कुठं जातीय, निजली असंल एखाद्या वर्गात." पण वर्गात नाही, व्हरांड्यात नाही, गाड्यांमध्ये नाही. मग मात्र सगळ्यांचं धाबं दणाणलं. पावसाळ्यात माजलेलं गाजरगवत कमरेएवढं होतं. समोर रस्ता, रस्त्यावर ट्रक. पटांगणाच्या कडेला विहीर. गाणी बंद केली तरी काय उपयोग, जो तो ओरडत होता. "चिऊऽऽ! ए चिऊऽऽ!" एकाच्या हाकेवर दुसऱ्याची हाक. कविताचा आवाज तर ऐकवत नव्हता. गफूरने विहिरीत एकदा बघितलं होतं आणि दुसऱ्यांदा बघायची हिंमत होत नाही असा तो कठड्यावर हात टेकून वाकला होता.

मी वरचा मजला बघायला जिना चढत होते. आणि तेवढ्यात घंटा झाली.

तीन ठोके. थांबणं. तीन, त्यातला शेवटचा बसका. थांबणं. तीन.

मी थांबले. एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या. विचार करून थांबले नाही, शरीरच थांबलं. जिन्याच्या कमानीतून पटांगण दिसत होतं. तिथे सगळे थांबले होते. कुणी गवतात, कुणी गाडीचं दार हातात धरून, गफूर विहिरीवर वाकलेला. पोर हरवलंय आणि आम्ही म्हातारे जिथल्या तिथे गप्प उभे! एकटी कविता आमच्यामधून धावत होती.

"अहो, असं काय करून राह्यले तुम्ही? हलता का न्हाई? आत्याबाई! माझं लेकरू गेलं हो, जल्दी करा ना!"

आत्याबाई म्हणजे तिची सासू, शकू. तिने कविताचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. अगदी सिस्टर ठेवायच्या तसं. कविताने हात झटकला, पण दमून ती तिथेच खाली बसली. तिचाही आवाज थांबला.

मग आवाज यायला लागले. लांब रस्त्यावर ट्रकचा गिअर. होला पाखराचं घुमणं. मांडवाच्या कापडाची फडफड. आणि स्वयंपाकघराच्या मागून, जमिनीतून आल्यासारखा, एक बारीक खणखणीत आवाज.

"बेडूक!"

"बोल्ली!" शकू किंचाळली. "माझी चिऊ बोल्ली!"

सगळे तिकडे धावले. स्वयंपाकघराच्या मागे पावसाचं पाणी साठवायची जुनी टाकी होती, जमिनीखाली. आम्ही पोरी तिथे कपडे धुवायचो, आणि आमच्यातल्या एकीलाही ती आठवली नव्हती! वरचा पत्रा गंजून गेला होता, त्यावर गवत. पत्र्याला चिऊच्या मापाचं भगदाड पडलं होतं. आत पडलेल्या विटांच्या ढिगावर ती बसली होती, आणि ढिगाच्या चारी बाजूंनी काळं पाणी. जरा इकडे सरकली असती तर... पुढचं लिहीत नाही. गफूरने मांडवाचा दोर सोडला, कंबरेला बांधला आणि गुडघेदुखीची सगळी गाऱ्हाणी विसरून आत उतरला. पोर वर आली. कोपर सोललेलं, गालावर शेवाळ, बाकी काही नाही. कविताने तिला छातीशी धरलं.

आता माझ्या कामाकडे येते. लोक रडत होते, एकमेकांच्या गळ्यात पडत होते. मी आधी पटांगणात गेले. लोखंडी कमान होती. घंटा नव्हती. असणारच नव्हती, कारण शाळा बंद झाली तेव्हाच ती काढून जीपमधून दुसऱ्या गावच्या चर्चला नेली होती. ती जीपमध्ये चढवली तेव्हा मी तिथे हजर होते. कमानीला त्या दिवशी गांधीलमाश्यांचं पोळं लटकत होतं.

मग मी लोकांना बाजूला घेऊन वेगवेगळं विचारलं. तू का थांबलास? काय ऐकलंस? आपल्याकडे पद्धत अशी की एकाने सांगितलं की दुसरा त्यालाच तिखटमीठ लावतो, म्हणून आपसात बोलायच्या आधीच गाठलं. शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने तेच सांगितलं. तीन, तीन, तीन. बसका ठोकासुद्धा, मी न विचारता. आचाऱ्याने काही ऐकलं नव्हतं. साउंडबॉक्सवाल्याने नाही. त्याची वायर काढलेलीच होती, ती मी हातात घेऊन बघितली. मोबाइल म्हणाल, तर मोबाइलचा आवाज विहिरीपासून जिन्यापर्यंत पोचत नाही. पुढच्या रविवारी मी मुद्दाम तिथे जाऊन बारा वाजता उभी राहिले. जवळच्या देवळाची घंटा तिथे बिलकुल ऐकू येत नाही.

आणि कविता. तिनेही काहीच ऐकलं नव्हतं. ती मला म्हणाली, "मावशी, तुम्ही समदे एकदम उभे राह्यले ना, मला वाटलं तुम्हाला कळलं. पोरगी गेली, म्हणून दोन मिनिटं उभे राह्यले, शाळेत राहतेत तसं." ज्या गप्प राहण्याने तिची पोर सापडली, तेच तिच्यासाठी श्रद्धांजली होतं. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "माफी कशाची मावशी? तुम्ही गप्प झाले म्हणून तर..." आणि चिऊच्या गालावरचं शेवाळ पदराने पुसायला लागली.

तरीही माझं उत्तर तयार होतं. सवय! बाराचा सुमार, तीच जागा, जीव टांगणीला लागलेला. मेंदूने जुना आवाज काढून दिला. एकाला बघून दुसरा थांबला म्हणावं, तर मला जिन्यात बाकीचे दिसायच्या आधी तो आवाज कसा आला, हा प्रश्न उरत होता. पण ठीक आहे, थोडं इकडे तिकडे चालतं. शेवटच्या रकान्यात मी 'सगळ्यांना मिळून झालेला भास' असं भरून टाकणारच होते.

त्याच दुपारी जेवताना मी चिऊच्या शेजारी बसले होते. ती मजेत बुंदी खात होती. मी सहज विचारलं, "काय गं, एवढ्या हाका मारल्या, आधी का न्हाई ओ दिली?"

"समदे वरडून राह्यल्ते," ती म्हणाली. "घंटा झाल्यावर सांगायचं असतंय ना."

शकूने घास ताटात ठेवला आणि सांगायला लागली. घरी कुकर लावून झाला की ती नातीबरोबर हाच खेळ खेळते. ताटलीवर पळी वाजवायची, गप्प राहायचं, मग काय ऐकलं ते सांगायचं. मला हे माहीत नव्हतं. कविता घरच्या कामात, तिला वाटायचं आजी-नातीचं काहीतरी चाललंय.

"कोणती घंटा गं चिऊ?" कविताने विचारलं.

चिऊने आईकडे असं बघितलं, जणू हिला काहीच कसं कळत नाही. "मोठी," ती म्हणाली, आणि दोन्ही हात पसरून माप दाखवलं.

चिऊने ती घंटा कधी बघितलेली नाही. त्या शाळेत तिने कधी बाराला कान दिलेला नाही. माझ्या भासाच्या थिअरीत ही पोर बसत नाही. मी तिला बरेच दिवस बसवून बघितलं. अनुभवी लोकांना विचारलं, लॅबमधल्या हुशार पोरांना विचारलं. कुणी म्हणालं लहान मूल आहे, ऐकलेलं बोललं असेल. मग बेडूक बरोबर त्याच क्षणी कसा सांगितला? उत्तर नाही. शेवटचा रकाना रिकामाच ठेवलाय; नसलेलं उत्तर मी भरत नाही.

शाळा आता पाडली आहे. मंठ्याला जाताना मी डावीकडे बघते, तिथे सपाट जागा आहे आणि दगडांचे ढीग. वाईट वाटतं. खूप वाटतं. भूत मी अजूनही मानत नाही. पण लॅबमध्ये बारा वाजले की मशीन बंद करून जरा उभी राहते. पोरं आपसात हसतात, हसू देत.

सिस्टर आज असत्या तर त्यांनी माझ्याकडे बोट केलं असतं. काय ऐकलं? मी म्हणाले असते, घंटा. आणि त्या म्हणाल्या असत्या, ती सगळ्यांनीच ऐकली, दुसरं सांग. बेडूकही चालणार नाही, तो चिऊने आधीच सांगून टाकलाय.

मग हे सांगते, सिस्टर. पोर वर आली, कविताने तिला छातीशी धरलं, तेव्हा ती आई रडली नाही, ओरडली नाही. फक्त "हं" म्हणाली. दमून घरी आलेलं माणूस खाली बसताना म्हणतं ना, तसं. मी अगदी शेजारी उभी होते. ते माझ्याशिवाय कुणी ऐकलं नसेल.