बंद बुचं

माझी पत्नी वारली त्या दिवशी मी तिचं ऑक्सिजनचं मशीन बंद केलं. वीज गेल्यावर ते चालावं म्हणून घेतलेली इन्व्हर्टरची बॅटरी रामवाडीच्या घरात पडून राहिली. वर्षभराने मी ती भंगारात द्यायला काढली. भंगारवाले आधी आतलं अ‍ॅसिड ओतून टाकतात, म्हणून मीही ती गटारापाशी ओढत नेऊन दोन बुचं उघडली.

तेवढ्यात टेम्पोतून एक बाई उतरली. विकलेल्या बॅटऱ्या परत गोळा करणं आता कंपन्यांना बंधनकारक आहे. ते काम ती पेणपासून रोह्यापर्यंत करायची. काही न विचारता तिने दोन्ही बुचं घट्ट बसवली.

“हे ओतायचं नाय, काका. ह्या गटाराचं पाणी आमच्या मिठागरात येतं.”

“पण फार जड आहे हो.”

“मग दोघं उचलू. शिकलेल्या माणसाला वजन उचलता येत नाय काय?”

एक बाजू तिने धरली, एक मी, आणि बॅटरी टेम्पोत चढवली. वर्षभरात मी कुणासोबत काही उचललं नव्हतं.

तिचं नाव विचारायचं राहिलं. पण जुन्या बॅटऱ्या ओतू नका, तिच्या पुढच्या फेरीसाठी माझ्याकडे आणून ठेवा, असं मी गल्लीत सांगत फिरलो. आता माझ्या ओटीवर शेजाऱ्यांच्या चार बॅटऱ्या आहेत, अ‍ॅसिडसकट.