बियाण्याजवळची जागा

आमच्या घरी धानाचं बियाणं मधल्या खोलीत, बांबूच्या ढोलीत राहायचं. ढोलीला लागून माय झोपायची, हाताशी काठी घेऊन. जरा खुडबुड झाली की जमिनीवर काठी आपटायची. बाबा गेल्यापासून हे काम तिचं.

उंदरंही शिकली होती. स्वयंपाकघरात जायचं तर समोरच्या भिंतीनं जायची, पण ढोलीच्या कोपऱ्यात पाय टाकायची नाहीत. माय मुलचेऱ्याला बहिणीकडे आठवडाभर राहून आली, तरी एका दाण्याला तोंड लागलं नव्हतं.

"माय, तुह्या काठीचा लय धाक हाय," मी चिडवलं.

"धाक का जलमभर राह्यते? नवे पिल्लं आले का त्याईले पुन्हा शिकवा लागते."

मागच्या उन्हाळ्यात मी लोखंडी कोठी आणली. बियाणं तिच्यात भरलं आणि मायची खाट समोरच्या खोलीत, पंख्याखाली टाकली. म्हटलं, म्हातारीनं आता तरी सुखानं झोपावं. ती काही बोलली नाही. पण जेवण कमी झालं. ताटातला भात तसाच राहू लागला.

आणि नवल पाहा, थोड्याच दिवसांत उंदरं नेमकी त्याच कोपऱ्यात यायला लागली. माझं डोकंच सटकलं. लोखंडाला दात लावायला येता का रे, हरामखोरांनो! कोठी चारही बाजूंनी तपासली. कुठं भोक नाही.

एका दुपारी वावरातून लवकर परतलो. माय कोठीपाशी होती. तिनं झाकण उघडलं, मूठभर धान काढलं आणि कोपऱ्यात फेकलं. दाणा सांडला तर आम्हाला शिव्या घालणारी ही बाई हळूच म्हणत होती, "या रे, या."

मला रागच यायला हवा होता. पण मी आल्या पावली अंगणात गेलो, खाकरलो, मग आत आलो.

"माय, उंदरं लयच माजले. ह्या कोठीले कोनी भेत नाई. तू इथीच झोपत जाय बाई."

"मी तं तवाच म्हणलं होतं," ती म्हणाली. तेव्हा ती एक शब्द बोलली नव्हती.

सांजेला तिनं स्वतःच अंथरूण मधल्या खोलीत आणलं, काठी उशाशी ठेवली. आणि जेवताना ताट पुढं करून म्हणाली, "भात वाढ अजून."